दोन गुंड (हंडे) पाण्यात अंगणभर रंग : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की फुलांची जागा वेगळी अन् भाजीची जागा वेगळी असं करू नका. आपल्या गावाकडच्या अंगणात तेवढी जागा नसते अन् एप्रिल लागला की तेवढं पाणीही नसतं, तर रंग भाजीतूनच काढा, मिरचीतून काढा, सांबारातून म्हणजे कोथिंबिरीतून काढा, अन् मधी मधी चार फुलझाडं खोचून द्या. त्यावर खूप पत्रं आली, व्हॉट्सॲपवर फोटो आले, एका काकूंनी तर वांग्याच्या ओळीत कोंबडा हे फुलझाड लावलेला फोटो पाठवला, जांभळं वांगं अन् शेजारी तो मखमली लाल तुरा, मी दिवसभर तोच फोटो घरच्यांना दाखवत होते. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही म्हणून ज्या अडचणी बऱ्याच जणांना आहेत त्या घेतल्या आहेत.

ताई, दिवाळीपासून मार्चपर्यंत माझं अंगण एकदम भारी दिसते, पिटुनिया, डायन्थस, सगळं. एप्रिलमध्ये पाहता पाहता जळून जाते. पाणी रोज टाकतो तरी. उन्हाळ्यात रंग ठेवता येतो का नाही? (सिंदी रेल्वे, जि. वर्धा)

भाऊ, येतो, पण तीच झाडं धरून नाही. पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस ही थंडीची फुलं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात ती जगणारच नाहीत, तुमचं पाणी कमी पडलं असं मनात आणू नका. मी स्वतः या घरात आले त्या वर्षी फेब्रुवारीत नर्सरीतून दोन डझन पिटुनियाची रोपं आणली होती, किती हौशीनं लावली, अन् एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकही उरलं नाही. तेव्हा कोणी सांगितलं नाही की ही रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायची असतात म्हणजे डिसेंबर ते मार्च फुलतात. फेब्रुवारीत घेतली म्हणजे त्यांचं म्हातारपण विकत घेतलं.

उन्हाळ्याची टीम वेगळी. सगळ्यात पहिला चिनी गुलाब, कोणी त्याला ऑफिस टाइम म्हणतात कारण ऊन चढलं की उमलतो अन् नंतर मिटतो. त्याची पानं मांसल असतात, पाणी साठवून ठेवतात, एक काडी तोडून मातीत खोचली तरी लागते, शेजारणीकडून पाच रंगांच्या पाच काड्या आणा, एक रुपया लागत नाही. दुसरा गलांडा, लाल-पिवळा, याचं बी जानेवारी-फेब्रुवारीत टाका. तिसरी सदाफुली. चौथी बोगनवेल, तिचा जो गुलाबी रंग दिसतो ती फुलं नाहीतच, रंगीत पानं आहेत, खरं फूल मधी बारीक पांढरं असते. तिला थोडा पाण्याचा ताण बसला की जास्त रंग येतो, म्हणून कृपा करून तिला रोज पाणी घालू नका. मोगरा तर उन्हाळ्याचाच, रंग पांढरा पण वास सगळ्या गल्लीला पुरतो.

अन् भाजीतून म्हणाल तर लाल माठ. त्याला ऊन आवडते, पंचवीस-तीस दिवसांत कापायला येतो, मार्चमध्ये एक वाफा टाका, पंधरा दिवसांनी दुसरा, असं मे पर्यंत लाल वाफा डोळ्यासमोर राहतो अन् ताटातही येतो. लाल देठाची मयाळू तुरीच्या काड्यांवर चढवून द्या, तिलाही ऊन चालते, फक्त पाणी थोडं जास्त लागते.

पाण्याचं असं आहे की रोज वरवर शिंपडलेलं पाणी काळ्या मातीत दोन बोटं खाली जात नाही, अन् आपली काळी माती वाळली की भेगा पडतात, त्या भेगांत मुळं तुटतात. लोकं म्हणतात झाड उन्हानं मेलं, बरेचदा ते भेगेनं मेलेलं असते. म्हणून माती उघडी ठेवूच नका. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, वाळला पालापाचोळा, जे असेल ते चार बोटं जाड अंथरा. अन् भाजलेलं साधं मडकं, रंग न दिलेलं, वाफ्याच्या मधी गळ्यापर्यंत गाडा, भरा, वरून झाकणी ठेवा. ते हळूहळू पाझरते अन् भोवतीची चार-पाच झाडं त्याच्यावर जगतात, दोन-तीन दिवसांनी परत भरायचं. माझ्याकडं अशी तीन मडकी आहेत अन् खरंच सांगते, रोजचे दोन गुंड वाचले. आणखी एक, पश्चिमेचं ऊन मारते. त्या बाजूला शेवगा किंवा अंबाडीची दाट ओळ असली की दुपारी तीननंतर बाकीच्यांना आसरा मिळतो. टिनाच्या भिंतीला लागून कुंड्या ठेवू नका, टिन तापून रात्री उशिरापर्यंत गरमी सोडत राहते.

माह्या माठाचं बी लाल माठाचंच होतं पण उगवला तं अर्धा हिरवा. दुकानदारानं फसवलं का? (मोर्शी)

दुकानदारावर लगेच आळ घेऊ नका भाऊ. माठाचा लाल रंग उन्हात धरतो, फोटोत तुमचा वाफा निंबाखाली दिसतो, तिथं तो फिकाच पडणार. दुसरं, दाट पेरला असेल अन् युरिया जास्त पडला असेल तर पान मोठं होते पण रंग उतरतो. अन् घरचं बी धरलं असेल तर मात्र बाजूला हिरवा माठ होता का बघा, वाऱ्यानं त्यांचं एकमेकांत मिसळते. पुढच्या वेळी उन्हात पातळ पेरा, अन् बी धरायचं असेल तर सगळ्यात गडद चार झाडं ठेवून बाकीची फुलायच्या आधीच कापून खा.

सांगा ना जी, माझी शेवंती मोठी हिरवीगार झाली, खत पण दिलं, पण दिवाळी गेली तरी कळी नाही. शेजारच्या घरी तीच रोपं, मीच दिलेली, फुलांनी लदलेली आहेत. माझ्याच घरी काय झालं? (लाखनी, जि. भंडारा)

काकू, तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही सहज लिहिलं की या वर्षी दारासमोरच्या खांबावर नवीन मोठा लाइट लागला, रात्रभर अंगण उजेडात असते. तेच कारण आहे. खत कमी पडलं नाही.

शेवंती रात्र मोजते. पावसाळा सरतो, दिवस लहान व्हायला लागतो, रात्र लांब होते, तेव्हा तिला कळते की आता कळी धरायची वेळ झाली. रात्रभर लाइट पडला तर तिच्या हिशेबानं रात्र झालीच नाही, ती अजून पावसाळाच समजून पानं वाढवत बसते. फुलशेतीवाले तर मुद्दाम रात्री लाइट लावून शेवंती लांबवतात, बाजारात भाव असेल तेव्हा फुलवायला. तुमच्याकडं ते आपोआप झालं.

उपाय सोपा. कुंडीत असेल तर उचलून घराच्या मागं, सांदवाडीत ठेवा, जिथं रात्री पूर्ण काळोख. जमिनीत असेल तर संध्याकाळी सहाला वरून खोकं किंवा काळं कापड काड्यांवर टाका, सकाळी आठला काढा, मधी एकही दिवस चुकवू नका, निदान कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत. कळी धरल्यापासून फूल यायला महिना-दीड महिना जातो म्हणून या वर्षी संक्रांतीच्या आसपास फुलं बघाल. पुढच्या वर्षी सप्टेंबरातच जागा बदला. बाकी त्या लाइटखालच्या जागेचं वाईट वाटून घेऊ नका, तिथं जास्वंद लावा, सदाफुली लावा, त्यांना रात्रीचा उजेड चालते.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारट. कुंडीच्या मातीवर पांढरी पापडी येते, पानांच्या कडा करपतात. आमच्या नशिबी फुलं नाहीतच का? (दर्यापूर तालुका)

ताई, असं लिहू नका. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांतली कितीतरी गावं याच पाण्यावर आहेत अन् तिथंही मी फुललेली अंगणं पाहिली.

पहिलं, पाणी पानांवर कधीच नाही, बुडाशीच. दुसरं, रोज थोडं थोडं टाकल्यानं काय होते की पाणी उडून जाते अन् मीठ वर राहते, तीच तुमची पापडी. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर टाका, कुंडीच्या खालून वाहून गेलं पाहिजे, म्हणजे मीठ घेऊन जाते. कुंडीला भोक मोठं हवं अन् माती निव्वळ काळी नको. एक वाटा काळी, एक वाटा शेणखत, एक वाटा रेती. पापडी वरच्या वर खरवडून बाहेर फेका. जिप्सम टाका म्हणून कोणी सांगेल, जमिनीत उपयोग होतो पण माती तपासल्याशिवाय टाकू नका.

तिसरं अन् सगळ्यात महत्त्वाचं, छपराचं पाणी. २० बाय ३० फुटांचं टिन असेल तर १० मिलिमीटरच्या एका पावसात साधारण ५५० लिटर पाणी त्यावर पडते, सांडून-लवंडून ४५० धरा. एक पन्हाळ अन् दोन ड्रम, बस. पहिल्या पावसाचं धुळीचं जाऊ द्या, नंतरचं धरा, अन् हे गोड पाणी फक्त बी उगवताना अन् रोपं लहान असताना वापरा, कारण तेव्हाच मीठ सगळ्यात जास्त बाधते. बीट बघा, मोठं झालं की खारं पाणी बऱ्यापैकी सोसते पण उगवताना नाजूक असते. पालकही तसा सोसतो. फुलांत बोगनवेल अन् कण्हेर. कण्हेरीचं पान, फूल, बी सगळं विषारी आहे, घरात लहान लेकरू असेल तर अंगणात नको, कुंपणाच्या बाहेर लावा. गाजर, कांदा, घेवडा यांच्या मागं लागू नका, या पाण्यावर ते रुसतात.

दोडक्याला पिवळीधम्मक फुलं येतात, मांडव भरून जाते, पण दोडकं धरत नाही. दुधीचंही तेच. (घाटंजी)

मांडव पिवळा झाला म्हणजे निम्मं काम झालं! आता दुसरं निम्मं. या वेलींवर नर अन् मादी फुलं वेगळी असतात, मादी फुलामागं बारीक दोडकं दिसते, नरामागं नुसता देठ. सुरवातीला नरच जास्त येतात, घाबरू नका. पण महिनाभर झालं अन् ती बारकी दोडकी पिवळी पडून गळतात तर परागीभवन होत नाही. दोडक्याची अन् दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, रात्रीचे पतंग येतात त्यांच्यावर. काकडी, कारलं, कोहळं सकाळी उमलतात, तिथं मधमाशी. बरेच जण दोडक्याचं फूल सकाळी हातानं लावायला जातात अन् म्हणतात उपयोग नाही झाला, तर वेळच चुकते. संध्याकाळी सहा-सातला नर फूल तोडा, पाकळ्या मागं सारा, मादी फुलाच्या मधी हलकेच फिरवा. आठ दिवसांत फरक दिसेल.

अन् मधमाशा-पतंग का कमी झाले हे विचारायला पाहिजे. भोवती सगळं कपाशी अन् सोयाबीन, फवारे चालू. अंगणात त्यांना खायला ठेवा. मांडवाखाली सब्जा लावा, त्याचे जांभळट तुरे म्हणजे मधमाशांची खानावळ. संध्याकाळच्या पतंगांसाठी गुलबाक्ष, तीही सूर्य कलल्यावरच उमलते, एकाच झाडावर कधी पिवळी, कधी गुलाबी, कधी दोन रंगांचा शिडकावा असलेली फुलं.

सांबार पेरला की लगेच फुलावर जातो, पानं मिळतच नाहीत. उपटून टाकू का? (साकोली)

पानांसाठी असेल तर गरमीत पेरू नका, ऑक्टोबर ते जानेवारी पेरा, धणे हलकेच रगडून दोन फाका करून. पण फुलावर गेलेला उपटू नका ना! ती पांढरी छत्रीसारखी फुलं बघा, त्यावर किती बारीक माशा अन् लेडीबर्ड किडे येतात, तेच मावा खातात. शेपू, बडीशेप यांचंही तसंच, फूल पिवळं. माझ्या मते कोणत्याही वाफ्याच्या कोपऱ्यात चार झाडं सांबाराची फुलू द्यायलाच पाहिजेत.

अन् थंडीत एक मूठ जवस टाकून बघा. आपल्याकडं शेतातून जवस कमी होत चालला, चटणीपुरता विकत आणतो, पण त्याचं निळं फूल अंगणात कोणी लावत नाही याचं मला खरंच वाईट वाटते. निळा रंग बागेत मिळणं अवघड असते. सकाळी वाफा निळा होतो, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, दुसऱ्या दिवशी परत निळा. ऑक्टोबरात पेरा, एकदा उगवला की पाणी फार मागत नाही. बाजूला करडईची दोन-तीन झाडं, केशरी. अन् झाडीपट्टीत तुमच्याकडं धानाच्या बांधीत लाखोळी असतेच, तिचं फूलही निळंच.

टमाट्याची पानं एकाएकी दोरीसारखी बारीक झाली, शेंडे पिळवटले. बाजूच्या सदाफुलीचेही शेंडे वाकडे. व्हायरस आहे म्हणून एका जणानं औषध दिलं, दोनदा फवारलं, काही नाही. (राळेगाव तालुका)

दादा, थांबा, आता काहीच फवारू नका. व्हायरस आधी एका-दोन झाडांवर दिसतो, पानं लहान, पिवळट, वरच्या बाजूला वळलेली, मग पांढरी माशी तो पसरवते. तुमच्याकडं एकाच आठवड्यात टमाटे, सदाफुली दोन्ही पिळवटले अन् शेजारची ज्वारी मात्र ठणठणीत. तुम्हीच लिहिलं की त्याच आठवड्यात बांधावर तणनाशक मारलं. मला ते टू-फोर-डी दिसते. रुंद पानांच्या झाडांवर ते काम करते, गवतावर-ज्वारीवर नाही, अन् टमाटे, कपाशी यांना त्याचा नुसता वास पुरतो. वाऱ्यानं येते, नाहीतर त्याच पंपानं नंतर दुसरं काही फवारलं तर त्यातून येते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. थोडं बाधलेलं झाड नवीन शेंडे फोडते, जास्त बाधलेलं काढून टाका अन् त्यावरची टमाटी खाऊ नका.

अन् हात जोडून सांगते, कपाशीचं औषध अंगणातल्या भाजीवर आणू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्या वाफ्यातून आपण लेकराच्या ताटात मिरची तोडतो तिथं ते नको. किडीसाठी लिंबोळी पुरते, ५० ग्रॅम निंबोळीच्या गराचा भुगा फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी पिळून गाळा, चिमूटभर साबण, अन् ऊन उतरल्यावर फवारा. दर आठ दिवसांनी ताजं करून.

जास्वंदावर पांढरा कापसासारखा थर आला आहे अन् मुंग्या फिरतात. कळ्या गळतात. मी कॉलेजात आहे, हे झाड आजीनं लावलं होतं. (उमरेड)

बेटा, झाड वाचेल. तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात अन् त्याला इकडून तिकडं नेतात. जास्त भरलेल्या फांद्या कापून जाळ, बाकीवर जुन्या टूथब्रशनं साबणाचं पाणी घासून जोरात पाणी मार, चार दिवसांनी परत. मग वर सांगितलेली लिंबोळी. आता आजूबाजूला बघ, गाजर गवत असेल तर उपट, त्यावरही तो राहतो. अन् घराला पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, कुंपण आहे का? जास्वंद, भेंडी, अंबाडी अन् कपाशी ही सगळी एकाच कुळातली, फुलं बघ, सारखीच दिसतात, भेंडीचं पिवळं फूल मधी गडद लाल डोळ्याचं म्हणजे जास्वंदाची धाकटी बहीणच. त्यामुळं एकीची कीड दुसरीवर. पऱ्हाटी अंगणाजवळ रचून ठेवू नका म्हणून बाबांना सांग, कुंपणाला तुऱ्हाटी (तुरीच्या काड्या) वापरा अन् त्यावर निळी गोकर्ण सोडून दे.

घरासमोर फक्त १० बाय १० ची जागा. बकऱ्या मोकाट, माकडं येतात. मला भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांपर्यंत (गौरींपर्यंत) अंगण भरलेलं पाहिजे, सोळा भाज्यांतल्या निदान पाच-सहा घरच्या असाव्या असं लई वर्षांपासून मनात आहे. सून म्हणते जागा नाही. (मूल, जि. चंद्रपूर)

आजी, जागा पुरते. मृग लागला अन् एक चांगला पाऊस झाला की सुरू करा. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करा, नाहीतर जुलैच्या झडीत मुळं सडतात. मागच्या बाजूला कुंपणालाच दोडका अन् बरबटी (चवळी) चढवा. मधी भेंडीची सात-आठ झाडं, दोन वांगी, कडेला अंबाडी, तिचे लाल देठ शोभेलाही येतात. न्हाणीचं पाणी जिथून जाते तिथं कर्दळ, लाल-पिवळी, अन् धोपा (अळू) मात्र साबणाच्या पाण्यात नको, वेगळ्या ओल्या कोपऱ्यात. पुढच्या रांगेला तेरडा अन् कोंबडा, जूनमध्ये बी टाकलं की महालक्ष्म्यांपर्यंत फुलावर येतात. झेंडूचं बी दसऱ्याच्या अडीच-तीन महिने आधी टाका अन् रोप महिन्याचं झालं की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. झेंडूची मुळं जमिनीतल्या सूत्रकृमींना आवरतात, म्हणून वांग्याच्या शेजारीच लावा.

कोहळ्याला मात्र तीन महिने लागतात, त्यामुळं ते मेच्या शेवटी दोन मडक्यांत उगवून ठेवा अन् पाऊस आला की काढून लावा, वेल टिनावर जाऊ द्या, जागा लागत नाही.

बकऱ्यांसाठी तुऱ्हाटीचं कुंपण कमरेएवढं पुरे. माकडांचं अवघड आहे, खोटं सांगत नाही, दोडकी ते नेतीलच, पण माझ्याकडं हळद, गवती चहा, ओव्याचं पान, झेंडू याला त्यांनी आजवर हात लावला नाही, तर बाहेरची ओळ याचीच करा. हळदीचं बेणं मिळालं तर वायगावचं बघा, वर्धा जिल्ह्यातलं, जीआय मिळालेलं, अर्ध्या सावलीतही येते अन् पान इतकं रुंद की नुसतं हिरवं असूनही कोपरा भरून टाकते. अन् सुनेला दोडक्याचा मांडव बांधायला बोलवा, एकटीनं काड्या रोवू नका. महालक्ष्म्यांच्या दिवशीचा फोटो मला नक्की पाठवा, किती भाज्या घरच्या झाल्या ते लिहून.